लातूरला मिसिंग, नांदेडला ठणठणीत

आमच्या घरात ‘भंगार’ हा शब्द उच्चारायला मी बंदी घातली होती. ती मोडली माझ्या थोरल्या भावाने, ऐन संक्रांतीला, हातात तिळाची पोळी धरून. तो पुण्याला असतो. सणाला येतो, दोन दिवस राहतो आणि जाताना आम्ही कसं जगावं ते सांगून जातो. त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या अप्पांच्या गाडीकडे बघत तो म्हणाला, “पाडव्याला तुला नवी गाडी आणून देतो. ही आता भंगारात घालू.”

अप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांच्यामागे लातूरच्या घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आईला आम्ही अव्वा म्हणतो, तिच्या उदगीरकडच्या माहेराची ती सवय.

“नवी तुलाच ठेव अण्णा,” मी म्हणाले. “मला ही पुरते.”

“तीस वर्षांची गाडी आहे ती. आणि धड एका कंपनीची तरी आहे का? अंग एकीचं, इंजिन दुसरीचं.”

हे खरंच होतं आणि मला त्याचाच अभिमान होता. अप्पांचं गंजगोलाईच्या बाजारात अडतीचं दुकान होतं, पण जीव सगळा गाडीत. मूळ इंजिन दमलं तेव्हा त्यांनी नांदेडच्या एका मिस्त्रीला हाताशी धरलं आणि अपघातात गेलेल्या दुसऱ्याच एका गाडीचं मोठं इंजिन हिच्या पोटात बसवलं. ते बसेपर्यंतचे दोन महिने मीही त्यांच्याबरोबर ग्रीसमध्ये हात घालून होते. इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात रीतसर केलेली आहे, आमच्याकडे चोरीचा मामला नाही. नवं इंजिन आडवं-उभं फिरवून बसवावं लागल्यामुळे जे भाग आधी खाली दडलेले असायचे ते वर, अगदी हाताशी आले. रेडिएटरचा पंखा टेबलफॅनच्या बटणावर चालतो. बॉनेट उघडायची आतली वायर तुटली तेव्हा अप्पांनी बाहेरून दोन चाप लावले, त्यामुळे बॉनेट कुणालाही बाहेरून उघडता येतं. अशा गाडीला लोक हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी एकाला तरी स्वतःच्या गाडीत प्लग कुठे असतो ते ठाऊक आहे का, ते आधी विचारा.

अडचण एकच होती. गाडी अण्णाच्या नावावर होती. अप्पांच्या मागे कागदपत्रं करताना ‘मुलगा आहे ना’ म्हणत सगळं त्याच्या नावावर चढलं, आणि तेव्हा मी भांडले नाही. ती माझी चूक. आता त्याने एका कागदावर सही केली की गाडी गेली. मी हट्टाला पेटलेली बघून शेवटी तो म्हणाला, “ठीक आहे. पाडव्याला सकाळी मी इथे असेन. पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि न खोकता गावाबाहेर गेली तर राहू दे. नाहीतर त्याच दिवशी भंगारवाला येऊन घेऊन जाईल.”

“बोलावून ठेव त्याला,” मी म्हणाले. “चहा पिऊन परत जाईल.”

अण्णा पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी मी बॉनेट उघडून तेल बघत होते तेव्हा अव्वा शेजारी येऊन उभी राहिली. तीस वर्षांत तिने कधी आत डोकावून बघितलं नव्हतं. “गाडीचा जीव कुठं असतो गं?” तिने विचारलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणी प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. मी तिला डिस्ट्रिब्युटरची टोपी दाखवली. काळी, गुळगुळीत, घुमटासारखी. वरून पाच वायरी निघालेल्या. “ह्या टोपीत,” मी म्हणाले. “इथून चारी सिलिंडरला ठिणगी जाती. ही गेली की गाडी मेली समज.” ती बराच वेळ बघत राहिली आणि मग कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

अण्णाचं बोलणं गाडीनेही ऐकलं असावं, कारण आठ दिवसांत तिला मिसिंग लागलं. मिसिंग म्हणजे चारापैकी एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकते आणि गाडी लंगडायला लागते. माझी शाळा मुरुडला. रोज सकाळी लातूरहून निघताना गाडी फट फट करायची, मध्येच गप्प व्हायची, पुन्हा फट करायची. गिअर टाकला की मानेला झटका. हरंगुळ मागे पडलं की सुधारायला लागायची आणि मुरुड येईपर्यंत ठणठणीत. दुपारी परतताना तर मीच खोटं बोलते असं वाटावं इतकी साळसूद.

गल्लीला करमणूक झाली. सकाळी मी सेल्फ मारला की समोरच्या ओट्यावरचे एक निवृत्त गृहस्थ पेपर खाली ठेवायचे. एकदा म्हणाले, “ताई, बांगड्या भरलेल्या हातानं हे कशाला? एखाद्या मानसाला दाखवा की.” मी म्हणाले, “बांगड्याही भरल्यात आणि पानाही ह्याच हातात हाय. दोन्ही बगा.” त्यांनी पेपर वर घेतला. पण गाडी त्यांच्याच दारासमोर दोनदा बंद पडली, हे काही मला लपवता आलं नाही.

लातूरचे मिस्त्री बॉनेट उघडतात आणि ‘हे कुठलं इंजिन?’ असं विचारून बंद करतात. त्यामुळे रविवारी मी नांदेड गाठलं. देगलूर नाक्याजवळ ज्यांनी अप्पांबरोबर ते इंजिन बसवलं त्यांचं गॅरेज आहे. मी त्यांना चाचा म्हणते. दाढी पांढरी झाली तरी कान तिखट. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. त्या दिवशीही ऐकलं आणि म्हणाले, “बेटी, ये तो घड्याल के माफिक चल री.”

चालणारच. अहमदपूर, लोहा करत अडीच-तीन तास पळून आली होती. लातूरला आजारी, नांदेडला ठणठणीत. माहेरी गेल्यावर सासरचा ताप उतरावा तसला प्रकार. तरी चाचांनी माझ्या शब्दाखातर चारी प्लग बदलले. पुढच्या खेपेला वायरी बदलल्या, कॉइल बदलली. तिसऱ्या खेपेला कार्बोरेटर सोडून धुतला. डिस्ट्रिब्युटरची टोपी मात्र तशीच राहिली, कारण त्या इंजिनाची टोपी आता बाजारात मिळत नाही. ती उघडून त्यांनी आतून पॉलिश पेपर मारला आणि परत बसवली. प्रत्येक सोमवारी सकाळी गाडी पुन्हा फट फट. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत झाली.

मग मी एक वही केली. रोज सकाळी किती वाजता सुरू केली, थंडी किती होती, किती किलोमीटरनंतर सुधारली. महिनाभराच्या नोंदी बघितल्या आणि मलाच माझी लाज वाटली. थंडीचा संबंध दिसत नव्हता, पेट्रोलचा नव्हता. एकच गोष्ट स्पष्ट होती, ती म्हणजे सोमवारी जास्त. सोमवारी गाडी हरंगुळच्याही पुढे सात-आठ किलोमीटर लंगडायची. आता इंजिनाला वार कळतो का? ज्या बाईने आयुष्यभर मुलांना सांगितलं की मांजर आडवं गेल्याने काही होत नाही, तिच्या वहीत ‘सोमवारी जास्त’? मी त्या ओळीवर काट मारली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने मोजलेली गोष्ट आवडली नाही म्हणून खोडली. ह्या सगळ्या प्रकारातलं माझं सगळ्यात लाजिरवाणं काम ते.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा मी चाचांना फोन केला आणि पहिल्यांदाच माझा आवाज खाली आला. मी म्हणाले, “दुखणं सकाळी लातूरला असतं, तुम्ही दुपारी नांदेडला बघता. कसं सापडणार?”

चाचा म्हणाले, “तो तू देख. सवेरे, ठंडी गाडी में. करंट किधर पळरा वो अंधेरे में दिखता. बोनेट खोलके ऊपर से गोधडी ओढ ले.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अव्वाची पूजा आटोपली होती. मी अंगणात गाडी सुरू केली, पंख्याचं बटण बंद ठेवलं, वेणी मागे खोचली आणि जुन्या लुगड्यांची जाड वाकळ बॉनेटवरून अंगावर घेऊन आत वाकले. समोरच्या ओट्यावर पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्यांना दिसत असणार गाडीच्या तोंडात अर्धी गेलेली एक बाई. दिसू दे म्हटलं.

आधी नुसता अंधार, पेट्रोलचा वास आणि ते फट फट. मग डोळे सरावले. टोपीवर निळी रेघ चमकली. पुन्हा एक. वायरीच्या बुडातून ठिणगी बाहेर पडायची, टोपीवरून आडवी धावायची आणि कडेच्या लोखंडी चिमटीत शिरायची. ती जिथून जायची ती वाट ठरलेली होती. तीन वाटा होत्या, एकीखाली एक, सारख्या अंतराने. मी काय बघतेय ते न कळून बोट पुढे नेलं आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की डोकं बॉनेटवर आदळलं.

इंजिन बंद करून वाकळ काढली. उजेडात टोपीवर तीन पांढरट, ओलसर रेषा होत्या. तीन बोटांच्या.

भस्म.

आमचं घर लिंगायतांचं. अव्वा पहाटे हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करते आणि मग उरलेलं भस्म ओल्या बोटांनी घरभर लावत जाते. चौकटीला, अप्पांच्या दुकानातून आणलेल्या तराजूला, शिलाई मशीनला, फ्रिजला, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा. जिकडे बघावं तिकडे तीन रेषा. त्यामुळे त्या मला दिसतच नसत. टोपीवरच्या रेषाही मी दहादा बघितल्या असतील आणि एकदाही मला दिसल्या नव्हत्या. सोमवार तर शंकराचा. त्या दिवशी पाणीही जास्त, भस्मही जास्त. शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही, त्यात राख किंवा मीठ मिसळलं की जाते, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. इंजिन तापून ते वाळलं की विजेची ती वाट बंद, म्हणून हरंगुळपुढे आणि नांदेडला गाडी ठणठणीत. काखेत कळसा आणि नांदेडला वळसा.

कोरड्या फडक्याने मी टोपी लख्ख पुसली आणि चावी फिरवली. गाडी गुरगुरली आणि शांत, एकसारखी चालत राहिली. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून चाचांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वो तो मैं तीनों बार देखा था बेटी. सूखा हुआ था. अम्मां ने लगाया होंगा बोलके बाजू-बाजू से पुसा.”

“बघितलं होतं? मग पुसलं का नाही?”

“किसीके देव को मैं कैसा पुसूं? वो तेरा काम है.”

मी फोन ठेवला. राग होता, आणि त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

दोन दिवस मी चोरी केली. मी आंघोळीला गेले की अव्वा अंगणात जाऊन चाप उघडायची, लावायचं ते लावायची आणि बॉनेट हळूच टेकवायची. तिच्यामागून मी फडकं घेऊन जायचे. गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. पण पाडव्याला अण्णासमोर, भंगारवाल्यासमोर अव्वा पूजा करणार, आणि त्यानंतर लगेच मी चावी फिरवणार. सगळ्यांदेखत तिचं भस्म पुसायचं, की गाडी घालवायची? आणि खरं सांगायचं तर आईच्या मागे फडकं घेऊन फिरताना मला माझीच किळस आली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अव्वा पुरणाची डाळ निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. ती ऐकताना खडे वेचत राहिली. मग हात थांबला.

“म्हंजी तुज्या अप्पाची गाडी मीच मारून राहिले व्हय?”

“तसं न्हाई अव्वा.”

“तसंच हाय. तूच म्हनलीस जीव तिथं हाय. जिवाला न्हाई लावायचं तर भस्म लावायचं कुठं?”

ती पुढे म्हणाली, “त्यो भंगार म्हनून गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लावून राहिले. त्याला तोंडावर काय बोलू? लेक हाय माझा. म्हनून देवालाच सांगितलं, राख हिला.”

मग ती डाळीचं सूप उचलून आत गेली.

मला वाटत होतं त्या घरात गाडीसाठी मी एकटीच लढतेय. दोन महिने ती रोज पहाटे माझ्या आधी उठून लढत होती आणि मी तिच्या बाजूला बघितलंही नव्हतं. अप्पा गेले त्या दिवसापासून मी कपाळाला भस्म लावलेलं नाही. देवाशी माझं भांडण आहे, ते मी कुणापासून लपवत नाही. त्यावरून अव्वाने मला सात वर्षांत एका शब्दाने टोकलं नव्हतं. आणि मी तिचा देव पुसून टाकला होता.

पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली. अण्णा पुण्याहून रात्रीच आला होता. फाटकाबाहेर भंगारवाला टेम्पो लावून बसला होता, म्हणजे खरंच बोलावलं होतं. समोरच्या ओट्यावर पेपर आधीच खाली होता.

अव्वा भस्माची डबी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. अण्णाने पुढे होऊन दोन्ही चाप उघडले, बॉनेट वर केलं. “ये अव्वा, कर पूजा. शेवटचीच.”

तिने त्याच्याकडे बघितलं. तांब्यात बोटं बुडवली, डबीत टेकवली आणि इंजिनवर वाकली. मला तिचा हात धरता आला असता. पण मी माझे दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले. लावायचंच असेल तर लाव, मनात म्हटलं. आज मी पुसणार नाही. गाडी गेली तरी बेहत्तर.

तिची बोटं टोपीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. मग ती सरळ झाली, माझ्याकडे वळली आणि माझा उजवा हात पाठीमागून पुढे ओढला. नखांत काळं, बोटांवर पान्याचे ओरखडे. त्या हातावर, मनगटाच्या वर, तिने तीन बोटं ओढली. पाणी गार होतं.

“जीव हितं हाय,” ती अण्णाला म्हणाली. “टोपीत न्हाई. मला आधी कळलं न्हाई, आता कळलं.” मग मला म्हणाली, “जा माय. लाव चावी.”

अण्णा माझ्या शेजारी बसला, अव्वा मागे. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. गल्लीतून, बार्शी रोडवरून, हरंगुळच्या पुढे दहा किलोमीटर नेली आणि वळवून परत आणली. एकदाही खोकली नाही. वाटेत अण्णाने विचारलं, “काय बिघडलं होतं?” मी आरशात बघितलं. अव्वा खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हणाले, “टोपीवर ओल येत होती. सोमवारी जरा जास्त.” त्याला काही कळलं नाही.

घरी आल्यावर अव्वाने भंगारवाल्याला चहा दिला, वर पुरणपोळी दिली, आणि तो भला माणूस रिकामा टेम्पो घेऊन गेला. अण्णा सोप्यात बसला होता. मी कपाटातून आरसी बुक आणलं आणि त्याबरोबर गाडी नावावर करून देण्याचा फॉर्म. तो मी संक्रांतीच्याच आठवड्यात आणून ठेवला होता, गाडीला मिसिंग लागायच्या आधी.

“हे काय?” तो म्हणाला.

“सही करायलाच आला होतास ना,” मी म्हणाले. “मग कर.”

त्याने माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या अव्वाकडे बघितलं आणि खिशातून पेन काढलं. देवाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पण हात मी धुतला नव्हता, आणि सही कुठे करायची ते अण्णाला त्याच हाताने दाखवलं.